खर्जाचा हात

"डावा घे," नाना असुमादू म्हणाले आणि त्यांनी आपला डावा हात चादरीवर टाकला. कुणी परका माणूस तो तिथं विसरून गेला असावा, इतक्या बेफिकिरीनं. "नाहीतरी त्याचा उपयोग काय? त्यानं कुणाला काही देता येत नाही, कुणाकडून घेता येत नाही. लांबून हलवला तरी लोक तोंड वाकडं करतात."

बोलणं म्हणजे नुसती फुसफूस होती. गाठ स्वरयंत्राच्या मागं वाढली होती आणि तिनं आवाज आणि घास, दोन्हींची वाट अडवली होती. नाकातून पोटात गेलेल्या नळीवर नाना जगत होते. तरी थट्टा काही कमी झाली नव्हती.

डॉक्टर आब्राफी खाटेच्या कडेला बसली होती. घानातल्या कुमासीच्या या मोठ्या इस्पितळात घशाच्या कॅन्सरचे रोगी दर आठवड्याला येत, पण गाठ काढून पुन्हा घसा उभा करायचं काम करणाऱ्या हातांच्या दोनच जोड्या होत्या: बोआडी सरांचे आणि तिचे. ती पुन्हा एकदा सगळं समजावून सांगत होती. गाठीबरोबर स्वरयंत्र जाणार. श्वासासाठी गळ्यापुढं कायमचं भोक राहणार. अन्नाची वाट मात्र नवी करायची. त्यासाठी मनगटाच्या वरची कातडी तिच्या धमनी आणि शिरेसकट उचलायची, नळीसारखी गुंडाळायची, कातडीची बाजू आत, आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडून टाकायची.

"म्हणजे मामाच्या घशात हाताची कातडी?" फ्रेमानं विचारलं. ती नानांच्या बहिणीची मुलगी, बाजारात सुके मासे विकणारी. नानांच्या बाबतीतला शेवटचा शब्द तिचा आणि तिच्या आईचा.

"हो. याला आम्ही फ्लॅप म्हणतो."

"आणि केस? घशात केस उगवले म्हणजे?"

"हातावर कमी असतात, ताई."

"बरंय मग. त्याची मांडी बघितली नाहीत तुम्ही. शेळी लाजेल."

नाना खांदे हलवत हसले. आवाज आला नाही.

"नाना, कामाला उजवा हात वापरता ना?"

"उजवा."

"आणि काम काय करता?"

"कोको. बापाचा मळा आहे."

आब्राफीनं त्यांचा डावा हात हातात घेतला. मनगटावरच्या दोन्ही धमन्या अंगठ्यांनी दाबल्या, मूठ उघडझाप करायला लावली. तळवा फिकट पडला. मग एक अंगठा सोडला. रक्त परत आलं, तळवा भरून निघाला. म्हणजे एक धमनी काढून घेतली तरी हात जगेल. परीक्षा चोख पार पडली होती. तरी तिनं हात लगेच सोडला नाही.

अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात घट्टा होता. जुना, गुळगुळीत, शिंगासारखा पिवळा. तिनं उजवा हात उलटून पाहिला. तिथं बोटांच्या मुळाशी कोयत्याचे घट्टे होते, मळ्यात काम करणाऱ्या कुणाच्याही हातावर असतात तसे. बेचक्यातला घट्टा उजव्या हातालाही होता, पण डाव्याचा दुप्पट जाड. उपासानं अंग वाळलं होतं, आणि त्या वाळलेल्या अंगात डाव्या हाताचा स्नायू तेवढा दोरासारखा पिळलेला उठून दिसत होता.

तिच्या मनात पाल चुकचुकली. कोयता उजव्यानं चालतो. मग हा डावा इतकी वर्षं काय धरत होता?

हात धुता धुता तिला आपला धाकटा भाऊ आठवला. तो जन्माचा डावखुरा. आजीनं त्याच्या डाव्या हातावर इतक्या चापट्या मारल्या होत्या, की आज कुणी विचारलं तर तोही चटकन 'उजवा' म्हणेल. कुठला हात वापरता, हा प्रश्न या मुलखात प्रश्नच नव्हता. ती वळणाची परीक्षा होती आणि उत्तर प्रत्येकाला पाठ होतं. इथंच जन्मून, इथंच चापट्या बघून, आपण एका म्हाताऱ्या माणसाला तोच प्रश्न विचारला आणि उत्तर खरं धरलं! तिला स्वतःचाच राग आला.

ती परत वॉर्डात गेली. नानांच्या टेबलावर एक संत्रं होतं. खाता येत नाही तर वास तरी घे म्हणून फ्रेमानं आणलेलं. आब्राफीनं ते उचललं.

"नाना, झेला!"

डावा हात हवेत गेला आणि संत्रं नेमकं टिपून आला. पुढच्याच क्षणी नानांनी ते चोरी पकडल्यासारखं उजव्या हातात सरकवलं.

"बरं," ती म्हणाली. "कोयता उजव्यात. डाव्यात काय धरता?"

नाना खिडकीकडं बघायला लागले.

"आता सांग ना मामा!" फ्रेमा वैतागली. "डॉक्टर, ढोल वाजवतो तो. आमच्या गावच्या प्रमुखांच्या दारचे बोलके ढोल. त्याच्याआधी त्याचा मामा वाजवायचा. गावात कोण गेलं, कोण आलं, प्रमुख बाहेर पडले की नाही, सगळं याच्या हातातून कळतं आम्हाला."

"मग मला कोको का सांगितलंत?"

"तू पोटापाण्याचं विचारलंस," नाना फुसफुसले. "पोट कोकोवर भरतं. ढोलावर भरलं असतं तर कधीच मेलो असतो."

"आणि डावा हात?"

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. उजव्या बोटानं हलकेच टकटक केली. "हा वरचा सूर." मग डाव्यानं. "हा खर्ज. लोक म्हणतात डावा हात मुका. माझा तोच जास्त बोलतो."

"आणि तोच कापून घ्या म्हणालात?"

"तू म्हणालीस जेवता येईल." नाना थांबले, श्वास घेतला. "पोरी, मला भूक लागलीय."

तिनं ते डावं मनगट पुन्हा हातात घेतलं. मनगटावरची कातडी गेली की तिथं मांडीची पातळ साल लावायची, ती कधी धरते, कधी कंडरांवर कोरडी पडते. मनगट आखडतं, अंगठ्याकडची बाजू बधिर होते. सही करायला, कोयता धरायला असा हात पुरतो. पण ज्याचा आवाज आपण कायमचा काढून घेणार, त्याचा उरलेला आवाज या दोन मनगटांतच होता.

बोआडी सर चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. संत्र्याचा भाग आला तेव्हा हसले.

"हुशार आहेस. पण आपण त्याला बोलायचं यंत्र देणारच की. गळ्याला लावलं की झालं."

"सर, त्या यंत्राला सूर एकच."

त्यांचा कप ओठापाशी थांबला. दोघांचीही मायबोली एकच, त्यामुळं पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती. या भाषेत अक्षरं अर्धा अर्थ सांगतात आणि उरलेला अर्धा सूर सांगतो, म्हणून तर दोन सुरांचा ढोल बोलू शकतो. पापा म्हणताना दोन्ही अक्षरं वर ठेवली तर 'छान'. खालून वर नेली तर 'बाप'. दोन्ही खाली टाकली तर 'पंखा'.

"मागच्या वर्षीचे हेडमास्तर आठवतात?" ती म्हणाली. "वडिलांच्या वर्षदिनाला यंत्र लावून बोलले. सगळ्या मांडवानं ऐकलं की एक थोर पंखा वारला."

सरांना ठसका लागला. चहा शर्टावर सांडला. तो पुसता पुसता त्यांचा चेहरा पुन्हा गंभीर झाला.

"मेलेला माणूसही ढोल वाजवत नाही, आब्राफी. हाताचा फ्लॅप मी डोळे मिटून उचलीन. धमनी पुस्तकात सांगितलीय तिथंच असते. तुझ्या मनात मांडी आहे ना? मांडीतली वाहिनी तिच्या मर्जीची. कुणाला एक असते, कुणाला चार, कुणाला कामाची एकही नाही. आणि तुकडा मेला, टाका सुटला, तर लाळ मानेतल्या मोठ्या धमनीवर झिरपायला लागते. त्यानंतर काय होतं ते तू पाहिलंयस."

"पाहिलंय. म्हणूनच केप टाऊनला जाऊन वर्षभर मांड्याच केल्या. चला, ऐकून तरी बघू."

खाटेपाशी तिनं नानांच्या कमरेच्या हाडापासून गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पेनानं रेघ मारली. मध्यावर जेल लावून रक्ताचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र टेकवलं. आधी नुसती खरखर. थोडं सरकवलं आणि आवाज आला: शुक्, शुक्, शुक्. तिथं फुली. अंगठाभर खाली आणखी एक, जरा दबका. तिथं दुसरी.

"हे कोण वाजवतंय?" नानांनी विचारलं.

"तुमचंच रक्त."

त्यांनी थोडा वेळ कान दिला. "ताल बरा आहे. सूर एकच."

सरांनी मांडीची कातडी चिमटीत धरून पाहिली. एरवी इथं चरबीचा जाड थर असतो आणि तुकडा नळीसारखा वळत नाही. नानांची कातडी कापडासारखी उचलली गेली.

"उपाशी राहिल्याचा एवढाच फायदा," सर पुटपुटले.

"आणि केस?" फ्रेमा मुद्दा सोडणारी नव्हती.

"ऑपरेशननंतर किरणोपचार द्यायचेच आहेत, ताई. त्यात गळून जातील."

मग आब्राफीनं खुर्ची जवळ ओढली आणि काही न लपवता सांगितलं. मांडीतली वाहिनी चांगली निघाली, तर नाना गिळतील आणि दोन्ही हात जसेच्या तसे राहतील. नाही निघाली, तर छातीचा स्नायू वर वळवून घसा बंद करावा लागेल. तो जाडजूड, वाट अरुंद. मग जन्मभर पेज. हाताचा फ्लॅप घेतला तर गिळण्याची खात्री जास्त.

"तुम्ही सांगाल ते करू," ती म्हणाली. "भूक तुमची आहे आणि हातही तुमचे."

नानांनी मांडीवरच्या दोन्ही फुल्यांवरून बोट फिरवलं.

"त्या खालच्या फुलीवरचा आवाज," नाना म्हणाले, "दबका होता. पण तो जवळचा नव्हता म्हणून दबका. कमजोर नव्हता. मांडी घे."

"तसं कानानं ठरत नाही, नाना. आत कापल्यावरच कळतं."

"मग कापून बघ. मी कुठं नको म्हणतोय?"

ऑपरेशनच्या दिवशी टेबलाच्या दोन टोकांना दोन कामं सुरू झाली. मानेशी बोआडी सर, मांडीशी आब्राफी. तिनं रेघेच्या आतल्या बाजूनं कातडी कापली, स्नायूवरचं पांढरं आवरण उघडलं आणि ते उचलत पहिल्या फुलीकडं सरकली. वाहिनी होती, पण दोऱ्याएवढी. एवढ्यावर नखाएवढी कातडीही जगली नसती.

"काय म्हणतेय मांडी?" सरांनी मान वर न करता विचारलं.

"पहिली बारीक आहे. पुढं बघतेय."

तिचा हात हलला नाही. पहिली बारीक निघणं काही नवीन नव्हतं. तिनं आवरण आणखी उचललं, दुसऱ्या फुलीपाशी ओला फाया फिरवला, आणि ती दिसली: शेवईएवढी जाड, स्नायूच्या पोटातून वर येऊन कातडीत शिरणारी, प्रत्येक ठोक्याला थरथरणारी. आवाज दबका होता, कारण ती खोल स्नायूतून येत होती.

"मिळाली, सर. स्नायूतून जातेय."

"घसा गाठीसकट माझ्या हातात आला आहे. छातीचा स्नायू घेऊ का?"

"नको. मला वेळ लागेल, पण ही येईल."

स्नायूचा एकेक तंतू बाजूला करत ती त्या वाहिनीच्या मागं मागं गेली. वाटेत फुटलेल्या फांद्या बांधल्या, कापल्या. मूळ धमनी आणि शीर मोकळी झाली तेव्हा पानाच्या आकाराचा कातडीचा तुकडा एका देठावर लोंबत राहिला. देठ कापला. मऊ नळीभोवती तुकडा गुंडाळला, कातडी आत, आणि वर जिभेच्या मुळाशी, खाली अन्ननलिकेच्या तोंडाशी पाणी गळणार नाही असे दाट टाके घातले. मग सूक्ष्मदर्शक पुढं ओढला. धमनीला धमनी, शिरेला शीर. केसाहून बारीक धागा, डोळ्यांनी न दिसणारी सुई.

चिमटे काढले. मेणासारखी पांढरी पडलेली कड आधी तशीच राहिली. मग तिच्यावर तांबूस झाक आली आणि एका टोकाला लाल भडक रक्ताचा थेंब उभा राहिला.

"पापा," सर म्हणाले. दोन्ही अक्षरं वर.

नवा घसा मानेच्या आत झाकला गेला, पण आब्राफीनं त्याच तुकड्याची एक छोटी पट्टी बाहेर ठेवली होती, आतली खबर देणारी खिडकी म्हणून. सिस्टर डेडे तिच्यावर डोळ्यांत तेल घालून बसली. टॉर्च मारून रंग बघायची, बोट दाबून बघायची. सिस्टर राजधानीची, आक्राची, गा जमातीतली. नानांची भाषा तिला बाजारापुरती यायची. पण पट्टीच्या रंगाबाबत ती कुणाचं ऐकत नसे, खुद्द बोआडी सरांचंही नाही.

पट्टी गुलाबी राहिली. टाके धरले. पुढं एक दिवस नानांना औषधी पाणी पाजून एक्स-रे काढला. पांढरी रेघ जिभेपासून पोटापर्यंत सरळ उतरली, कुठंही बाजूला पाझरली नाही. आब्राफीचा जीव भांड्यात पडला. नाकातली नळी निघाली. पाणी सुरू झालं, मग मक्याची आंबट पेज. पाणी, पेज. पाणी, पेज.

एका सकाळी आब्राफी वॉर्डात शिरली तर आत कडाक्याचं भांडण चाललं होतं. फ्रेमानं डबा भरून आणला होता. सिस्टर डेडे खाटेसमोर हात पसरून उभी होती.

"फुफू! डॉक्टर, हिनं फुफू आणलाय! सूचनांच्या कागदावर लिहिलंय, प्रत्येक घास नीट चावून खावा."

"फुफू चावतं का कुणी?" फ्रेमा कडाडली. "लोक हसतील! फुफू गिळायचा असतो. तुम्ही आक्रावाले मक्याचे घट्ट केंके चावता, तुम्हाला काय कळणार?"

"गिळायचाच असतो म्हणून तर मला भीती वाटते, बाई!"

दोघींचंही बरोबर होतं. श्वासाची वाट आता वेगळी झालेली, त्यामुळं ठसका लागायचा प्रश्न नव्हता. प्रश्न अडकायचा होता. आब्राफीनं डबा उघडला. उकडलेले कंद कुटून केलेला चिकट गोळा, तो फुफू; मऊ कुटलेला होता, भोवती पातळ रस्सा. तिनं नानांकडं पाहिलं. ते फुफूकडं बघत होते, दुसरं जग नसल्यासारखे.

"सुपारीएवढा," ती म्हणाली. "रश्शात बुडवून. एकच. नंतर पाणी."

नानांनी उजव्या हाताची बोटं धुतली, गोळा तोडला, रश्शात फिरवला आणि तोंडात टाकला. सिस्टरनं डोळे मिटले. आब्राफी मानेकडं बघत राहिली. जिभेनं घास मागं ढकलला. नवा घसा मांडीच्या कातडीचा, त्याला स्वतः ढकलता येत नाही, तिथं घास जिभेच्या जोरावर आणि रश्शाच्या निसटेपणावर उतरायचा. नाना थांबले. कपाळावर आठी पडली. त्यांनी हनुवटी किंचित पुढं काढली, पाण्याचा घोट घेतला, आणि आठी गेली.

त्यांनी दुसऱ्या गोळ्याकडं बोट दाखवलं.

"एकच म्हटलं होतं," आब्राफी म्हणाली.

नानांनी खाटेखाली हात घातला. प्लॅस्टिकची बादली पालथी घालून डाव्या बाजूला ठेवली, स्टीलचं पातेलं उजवीकडं, आणि उशीखालून वाकड्या टोकाच्या दोन काठ्या काढल्या. फ्रेमानं त्या घरून आणलेल्या. आणि वाजवायला लागले. पातेलं वरच्या सुरात टणकलं, बादली खर्जात घुमली. डावं मनगट सैल, सपसप चालत होतं. मधूनच जोड ठोका, मधूनच नुसता स्पर्श. शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. एक म्हातारी खदखदून हसली.

"काय म्हणाले? काय म्हणाले?" सिस्टरनं विचारलं.

"पाणी, पेज, पाणी, पेज," फ्रेमा हसत सुटली होती. "म्हणतोय, मी काय काल जन्मलोय? आणि पुढचं तुमच्या पेजेबद्दल आहे, सिस्टर. ते राहू द्या."

मग नाना आब्राफीकडं वळले आणि एक छोटी ओळ वाजवली. ती तिला फ्रेमाशिवाय कळली. कसं वाजतंय, असं ते विचारत होते.

तिनं त्यांच्या हातातून काठ्या घेतल्या. उत्तर दोन अक्षरांचं होतं. तिनं मोठ्या आत्मविश्वासानं बादलीवर दोन ठोके दिले.

नानांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि गळ्याच्या भोकातून हवेचे छोटे छोटे फवारे निघाले. सगळा वॉर्ड हसत होता.

"डॉक्टर काय म्हणाल्या?" सिस्टर रडकुंडीला आली.

"पंखा!" म्हातारी ओरडली.

सिस्टर डेडे तडक भिंतीकडं गेली आणि तिनं छताचा पंखा लावला.

नानांनी डोळे पुसले. डावा हात पुढं केला आणि आब्राफीचं मनगट धरलं. कुणी तोंड वाकडं केलं नाही. पकड घट्ट होती, बेचक्यातला घट्टा तिच्या कातडीला खरखरीत लागत होता. त्यांनी तिचा हात बादलीवरून उचलला, पातेल्यावर आणला आणि तिच्याकडून दोन ठोके देऊन घेतले. वरचा. वरचा.